मुलांसह कोकण किनाऱ्यावर सायकल चालवण्यासाठी सपाट रस्ते कोणते?

प्रश्न : मांजराकाठ, लातूर

नमस्कार. आम्ही दोघे, १२ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा असे चौघे जण जानेवारीत सायकली गाडीवर बांधून कोकणात जाणार आहोत. मुलांना इकडच्या सपाट रस्त्यांवर सायकल चालवण्याची चांगली सवय आहे. घाट मात्र त्यांनी कधी चढलेला नाही. समुद्राला लागून जाणारा रस्ता सपाटच असणार, असे धरून गणपतीपुळ्याहून आरे-वारे मार्गे रत्नागिरी गाठावी, असे मनात आहे. हा बेत मुलांना झेपेल का, आणि नसल्यास दुसरा कोणता मार्ग घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : मूळ नांदेडचा, मुक्काम मालवण

ताई, आरे-वारेचा रस्ता अतिशय देखणा आहे, पण तो गाडीतून पाहावा. कोकणातली बहुतेक किनारी गावे समुद्राच्या पातळीवर वसलेली असतात आणि दोन गावांच्या मध्ये एक तर खाडी असते, नाही तर जांभ्या दगडाचा उंच सडा, म्हणजे पठार. त्यामुळे गावाबाहेर पडलेला रस्ता आधी सड्यावर चढतो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा तितकाच खाली उतरतो. चढावर मुले सायकल हातात धरून चालतील, त्याची मला काळजी वाटत नाही. भीती उताराची आहे. लहान हातांना सतत ब्रेक दाबून धरवत नाही आणि नेमक्या वळणावर कडेला खडी पसरलेली असते.

म्हणून गावे जोडत जाण्याचा बेत सोडा आणि एकाच सपाट पट्टीत मुक्काम करा. मालवणहून तारकर्ली सुमारे ७ किलोमीटर आहे आणि तिथून पुढे देवबागची चिंचोळी पट्टी लागते, जिच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आहे. संगमापाशी जमीनच संपत असल्याने या रस्त्यावरून पलीकडे कुठे जाणारी वाहतूक नसते, आणि मुलांसाठी हीच सर्वांत मोठी सोय आहे. तारकर्लीत उतरा आणि तिथून देवबागपर्यंत जाऊन परत या. रस्ता अरुंद असून दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती आहेत. समोरून मोठी गाडी आली की मुलांनी खाली उतरून गडग्याला लागून उभे राहावे, हे आधीच शिकवून ठेवा. शनिवार-रविवार टाळा, कारण नौकाविहारासाठी येणाऱ्या गाड्यांची तेव्हा रीघ लागते.

प्रतिसाद : गोदाकाठ, छत्रपती संभाजीनगर

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या बाजूने ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असे उतरून दिवेआगर सोयीचे पडते. गावातले सुपारीच्या वाड्यांमधले रस्ते सावलीचे व सपाट आहेत आणि लांबलचक पुळणही, म्हणजे वाळूचा किनाराही, जवळच आहे. तिथून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा सागरी रस्ता मोहात पाडतो, पण त्यावर चढ-उतार आहेत. धाकट्याला तिकडे नेऊ नये.

पुळणीवर सायकल चालवायची असेल, तर भरती-ओहोटीची वेळ पाहूनच बाहेर पडावे. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्या दिवशी सकाळी पुळण अरुंद झालेली असते. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास येते, म्हणून सकाळी सात-साडेसातला ओहोटी असते आणि ओली, घट्ट वाळू दूरवर उघडी पडते. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस साधले, तर मुलांना सकाळच्या वेळी मोकळी पुळण मिळेल. हा केवळ अंदाज आहे. नेमकी वेळ गावातल्या मच्छीमारांना विचारून घ्यावी आणि पाणी चढू लागले की मागे फिरावे.

मांजराकाठ, लातूर

दोघांचेही मनापासून आभार. लातूरहून सोलापूर-कोल्हापूरमार्गे मालवणच सोयीचे पडेल, म्हणून तारकर्लीत मुक्काम करण्याचे ठरवत आहोत आणि तारखा पंचांग पाहून पक्क्या करू. खाऱ्या पाण्याने सायकलींचे नुकसान होते का, आणि जानेवारीतही मुलांना उकाड्याचा त्रास होईल का?

मूळ नांदेडचा, मुक्काम मालवण

नुकसान होते, आणि फार लवकर होते. पुळणीवरून आल्याबरोबर सायकल गोड्या पाण्याने धुवावी, साखळी फडक्याने कोरडी करून तेल द्यावे आणि ब्रेकच्या रबरात अडकलेले वाळूचे कण काढावेत. ते तसेच राहिले, तर रिम खरवडली जाते. लाटांच्या पाण्यातून सायकल नेण्याची मुलांना फार हौस असते, तेवढी मात्र पुरवू नका, कारण चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरलेले खारे पाणी वरवर धुऊन निघत नाही.

जानेवारीतल्या सकाळी हवा चांगली असते, पण दुपारचा उकाडा आपल्या मराठवाड्यासारखा नसतो. आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो; इथल्या दमट हवेत तो अंगावरच राहतो आणि मुले लवकर थकतात. सात वाजता निघून दहाच्या आत परत या. पाण्याबरोबर मीठ घातलेले लिंबू सरबत ठेवा आणि थांबायचे झाल्यास माडाखाली थांबू नका, कारण झावळी किंवा नारळ केव्हा पडेल याचा नेम नसतो.