हॉस्टेलच्या गच्चीवर बाग: ताणावर उतारा की फुकटची वेठ?

काळीभोर: सांगलीतल्या कॉलेजांनी हॉस्टेलच्या गच्च्या पोरांना बागेसाठी द्याव्यात. परीक्षेच्या तोंडावर नुसतं ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून भागत नाही, हाताला काम लागतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या एका प्रयोगात लोकांना आधी मुद्दाम ताण दिला, मग काहींना अर्धा तास बागकाम, काहींना वाचन. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, दोन्हीकडं उतरलं, बागकामवाल्यांचं जास्त.
आता माती. आपली काळी माती नुसतीच कुंडीत भरली की भिजल्यावर चिकट लगदा, वाळल्यावर भेगा, आणि मुळं गुदमरतात. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. सुरुवात मेथीनं करा: बी रात्रभर भिजवून अर्धा-एक सेंटिमीटर खोल, तीन-चार दिवसांत उगवण, महिन्याभरात भाजी. टोमॅटो लावाल तर फळ दिसेपर्यंत सेमिस्टर संपलेलं असतं.

कृष्णाकाठ: असहमत. त्या प्रयोगातली तीसेक माणसं मुळातच हौसेनं बाग करणारी होती. त्यांना बागेत बरं वाटलं, यात नवल ते काय? आणि वाचनानंही ताण उतरला, हे तुम्हीच लिहिलंय. मग लायब्ररी रात्री उघडी ठेवा की! ज्या पोराची झोप उडालीय, जेवण सुटलंय, त्याच्या हातात खुरपं देऊन काय होणार? त्याला समुपदेशक पाहिजे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मजल्यामजल्यावर लावा, बाग मग बघू.
अजून एक. हळव्या पोराचं रोप मेलं की ‘आपल्याच्यानं एवढंही होत नाही’ हेच डोक्यात बसतं.

काळीभोर: समुपदेशक नको असं कोण म्हणतंय? रोपं मरतात ती बहुतेक जास्त पाण्यानं. कोवळं रोप बुडाशी काळं पडून आडवं झालं तर तो ‘मर’ रोग, बुरशीचं काम. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नाही. एवढं पहिल्याच दिवशी सांगितलं तर निम्मी निराशा वाचते.

माणदेशी: साताऱ्यात कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’त पोरं राबली, पण त्या राबण्यातनं त्यांचं शिक्षण होत होतं. आता एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे १२० तास भरायला ऑफिससमोरचं लॉन साफ करून घेतात आणि फोटो काढतात. त्यानं कुणाचं मन हलकं होत नाही. बाग करायचीच तर ज्याची कुंडी त्याची भाजी. हजेरी नको, मार्क तर नकोतच.

गच्चीवाला: मनाचं तुम्ही बघा, मी स्लॅबचं बोलतो. १२ बाय १२ इंचाची ग्रो बॅग, म्हणजे रोपं लावायची मातीभरली पिशवी, भिजली की २५-३० किलो. पन्नास पिशव्या म्हणजे सव्वा ते दीड टन! मधोमध मांडू नका, तुळईच्या रेषेत कडेनं लावा, खाली विटा ठेवा, नाहीतर पाणी साचून गळती. गच्चीला कठडा कमी असेल तर बाग खाली अंगणातच. ताणातल्या पोरांना तसल्या गच्चीवर एकटं पाठवणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ: हा मुद्दा बिनतोड. आणि जुलैच्या झडीत मेथी कुजते, त्याचं काय?

काळीभोर: मान्य, मेथी सप्टेंबरअखेर पेरा. तोवर पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेवा, आठवडाभरात मुळं फुटतात, खिडकीतही जगतो. तेवढ्याला गच्ची लागत नाही.