डोमिनियन: पाच-दोन पडलं की डाव संपला?

हुकमी_एक्का
परवाच्या पोस्टखालीच लिहिणार होतो, पण उत्तर लांबलं. त्या पोस्टचं म्हणणं असं: डेकबिल्डिंग, म्हणजे पानं विकत घेत आपला डेक (पत्त्यांचा गठ्ठा) घडवायचे खेळ, ही नुसती पत्ते पिसण्याची लॉटरी. डोमिनियन या अशाच खेळात कुणाला पाच-दोन पडलं (पहिल्या दोन हातांपैकी एकात पाच नाणी, दुसऱ्यात दोन) आणि विकायला मांडलेल्या पानांत विच, म्हणजे समोरच्याच्या डेकमध्ये कर्स ही उणे गुणांची पानं घालणारं पान, असली की डाव तिथेच संपला, पुढची फक्त औपचारिकता.

नशीब नाही असं मी म्हणतच नाही. सुरुवातीला प्रत्येकाला सात कॉपर (एकेका नाण्याची पानं), तीन इस्टेट (नाणी न देणारी, शेवटी गुण देणारी पानं). पहिले दोन हात पाच-दोन पडण्याची शक्यता सहात एक. पण दोन खरेद्यांनंतर डेक होतो बारा पानांचा आणि पुढच्या दोन हातांत त्यातली दहा दिसतात. म्हणजे घेतलेली विच तळाच्या दोन पानांत अडकण्याची शक्यताही सहात एकच! हे रडगाणं गाणारे कधी सांगत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. बदाम सात असो की तीनशे चार, कॅट ठरलेला असतो, वाटलेल्या पानांवर भागवायचं. इथे कॅटच आपण घडवतो. चॅपल दोन नाण्यांना मिळतं आणि एका वेळी चार पानं डावातून कायमची बाद करतं. इस्टेट, कॉपर उडवत जा, डेक इतका बारीक करा की दर फेरीला जवळजवळ सगळाच हातात येईल. मग कितीही पिसा, काय फरक पडतो? नशिबाला जागाच न ठेवणं हे या खेळातलं कसब आहे. चॅपलला हात न लावणाऱ्याने पिसण्याला शिव्या देऊ नयेत.

दुरी_तिरी
पोस्ट माझी होती. चॅपल मलाही कळतं. मी बोलतोय ते दोघांनाही कळत असेल तेव्हाचं. मित्र आणि मी इतकी वर्षं खेळतोय की समोरचा काय घेणार हे न बघता सांगता येतं. तिथे कौशल्य बरोबरीत सुटतं आणि उरतं फक्त पिसणं. मी सिल्व्हर (कॉपरपेक्षा जास्त नाणी देणारं पान) आणि चॅपल घेतलं, हातात येतायत चारच नाणी. त्याची विच तोवर माझ्या डेकमध्ये कर्स भरतेय. यात मी काय चुकीचं खेळलो?

गणिताचा_तास
बरोबरीचे खेळाडू असतील तर उरलेलं नशीबच ठरवणार, हे कुठल्याही पत्त्यांच्या खेळाला लागू आहे. ते विधान तुम्हा दोघांबद्दलचं झालं, खेळाबद्दलचं नाही. स्ले द स्पायर हा डेक घडवायचाच व्हिडिओ गेम बघा. रस्ता, शत्रू, बक्षिसाची पानं, सगळं रँडम. तरी असेन्शन २० या सगळ्यात अवघड पातळीवर मुरलेले लोक लागोपाठ डाव जिंकतात आणि बाकीचे पहिल्या टप्प्यातच मरतात. नशीब तर दोघांना सारखंच होतं ना?

सांगलीकर
'कौशल्याचा खेळ' हे शब्द वाचले की माझं डोकं फिरतं. याच शब्दांवर रमीच्या अॅपवाल्यांनी घरं धुऊन नेली. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सत्यनारायण खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं आणि पन्नास वर्षांनी ते वाक्य जाहिरातीत येऊन बसलं. माझा मावसभाऊ पगार झाला की बसायचा. हरला की म्हणायचा, सराव कमी पडला. मावशीच्या पाटल्या गहाण पडल्या तेव्हा घरात कळलं.

हुकमी_एक्का
वाईट झालं, पण इथे कुणी पैसे लावत नाही. डोमिनियनवर बोलू या का?

वकिली_नको
नाही, हे बोलायलाच हवं, कारण तो निकाल अर्धाच सांगितला जातो. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय राखायचं आणि काय टाकायचं याला कसब लागतं, असं कोर्टाने म्हटलं. रमीतला योगायोग ब्रिजच्या वाटपातल्या योगायोगासारखाच, हेही म्हटलं. तीन पत्तीला मात्र निव्वळ नशीब ठरवलं. पण क्लबचा मालक पैशाच्या रमीतून नफा कमवत असेल तर गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे.

सांगलीकर
मग इतकी वर्षं ते कुणाला दिसलं नाही? शेवटी २०२५ चा कायदा यावा लागला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ बंद. हे मला पटतं.

माजघर
म्हणजे कसबाला काही किंमतच नाही? आमची आजी गणपतीत रात्र-रात्र रमी खेळायची. कुणी कुठलं पान टाकलं, सगळं तिच्या ध्यानात. पैसा कधी लावला नाही. तिच्या रमीला जुगाराच्या पंगतीत बसवू नका.

सांगलीकर
तुमच्या आजीला पाटल्या सोडवाव्या लागल्या नाहीत. आमच्या मावशीला लागल्या. कौतुक तुमच्याजवळच ठेवा.

माजघर
कौतुक ठेवणारच. अॅपवाल्यावरचा राग आजीवर काढायचं कारण नाही.

गणिताचा_तास
दोघंही थांबा. ब्रिजचा विषय निघालाच आहे तर ऐका. स्पर्धेतल्या डुप्लिकेट ब्रिजमध्ये तीच पानं प्रत्येक टेबलावर खेळली जातात, तुलना होते ती सारखीच पानं मिळालेल्यांशी. वाटपाचं नशीब तिथेच गळतं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या बर्धन-सरकार जोडीने सुवर्ण जिंकलं ते अशा खेळात. ऑनलाइन डोमिनियनमध्येही दोघांना सुरुवातीचे सारखेच हात देण्याची सोय आहे.

दुरी_तिरी
ठीक. सारखे हात असतील तर पाच-दोनची तक्रार मागे. तेवढीच. पण अशी सोय काढावी लागली, याचा अर्थ तक्रार खरी होती हेही मान्य करा. आणि मी विचारलेल्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

हुकमी_एक्का
तक्रारीत तथ्य होतं, मान्य. आता तुमचं उत्तर. दोघांच्या डावात कर्स दहाच. विच चालू असली की तो ढीग भराभर संपतो, म्हणजे डाव बंद व्हायला लागणाऱ्या तीन ढिगांपैकी एक गेलाच. मागे पडलेला माणूस नाणी येत नाहीत म्हणून आठ नाण्यांच्या प्रॉव्हिन्सची (सगळ्यात जास्त गुणांच्या पानाची) वाट बघत बसतो आणि समोरचा आणखी दोन स्वस्त ढीग संपवून डाव बंद करतो. तुम्ही आलेले कर्स चॅपलने फेकत होतात की चॅपल हातात असूनही सिल्व्हर जमवत होतात? आणि डाव संपला तेव्हा प्रॉव्हिन्स किती उरल्या होत्या? हे दोन्ही सांगा, मग पिसण्याबद्दल बोलू.