बोट लागलं की मरणारा आरएनए सहा महिने कसा टिकतो?

फोंडेकर६१:
कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने माझे पाय दुखतात म्हणून डॉक्टरांनी त्याऐवजी इन्क्लिसिरान सुचवलंय. पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं, मग वर्षाला दोनच. म्हणाले, हे आरएनएचं औषध. घरी सांगितलं तर पुतणी हसायलाच लागली. ती ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात एम.एस्सी. करते. म्हणते, हातमोज्याशिवाय नळीच्या तोंडाला बोट लागलं तरी आरएनए गेला म्हणून समजायचं. गेल्या महिन्यात तिची तीन दिवसांची मेहनत अशीच वाया गेली. मग खरं कोणाचं? आणि हे कोविडच्या लशीसारखंच का? खर्च बराच आहे हो, म्हणून विचारतो.

पिपेटवाली:
काका, दोघांचंही खरं. पुतणीच्या नळीत असतो तो उघडा आरएनए. त्याच्या साखळीतल्या प्रत्येक साखरेवर दुसऱ्या जागी एक ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. तीच घरभेदी! आपल्या हातावरची आरएनेज एन्झाइमं तिच्याच मदतीने साखळी तोडतात. औषधात त्या जागी मिथॉक्सी किंवा फ्लोरिन बसवलेलं असतं, आणि टोकांकडे साखरा जोडणाऱ्या फॉस्फेटमधला एक ऑक्सिजन काढून गंधक. ताजा बांगडा आणि पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेला खारा बांगडा, तसं काहीसं.

एका टोकाला गॅलनॅक नावाच्या साखरेचे तीन तुकडेही जोडलेले असतात. यकृताच्या पेशी ते ओळखून औषध आत ओढतात. त्यामुळे रक्तात ते दोनेक दिवसांत दिसेनासं होतं! टिकतं ते पेशीतल्या बारीक पिशव्यांत अडकून, आणि तिथून थोडंथोडं सुटतं. मग औषधाचा तोच एक धागा पीसीएसके९ हे प्रथिन बनवायला सांगणारे पेशीतले निरोप एकामागून एक कापत राहतो. ते प्रथिन घटलं की यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त उचलतं.

म्हापशेकर:
लशीचं वेगळं. तिथे मुख्य खटाटोप लपवण्याचा. बाहेरचा आरएनए दिसला की शरीर बोंब मारतं. आरएनएच्या चार अक्षरांपैकी युरिडिनऐवजी स्यूडोयुरिडिन हे त्याचं बदललेलं रूप घातलं तर ती बोंब थांबते, हे कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. २०२३ चं नोबेल त्या कामाला. फायझर, मॉडर्नाच्या लशीत त्याचंच मिथाइल लावलेलं भावंड आहे. स्यूडोयुरिडिन आपल्याच पेशींत असतं, १९५१ पासून माहीत आहे.

फोंडेकर६१:
आणि सोसलं नाही तर? गोळी बंद करता येते, हे कसं काढणार?

पिपेटवाली:
काढता येत नाही, ओसरायची वाट बघायची. हा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारा. एलडीएल साधारण निम्म्यावर येतं, तेवढं तुम्हाला हवंय का तेही.

फोंडेकर६१:
सोमवारी जातोय. पुतणीला वाचून दाखवलं. म्हणते, ओएचचं मला माहीत होतं, विचारलं कोणी?