केस धुताना लेक थिजते: संवेदनांचा प्रश्न की जुनी भीती? मदत हवी आहे

नमस्कार. लेक सहा वर्षांची आहे. साडेतीन वर्षांची असताना ती आमच्या घरी आली, त्याआधी संस्थेत होती. तिथल्या दिवसांची दोन पानी फाइल आमच्याकडे आहे. तिच्यात वजन, उंची आणि लसी, एवढंच.

सगळ्यात अवघड जातं ते केस धुणं. डोकं मागे कलतं केलं की ती माझं मनगट धरते, बोटं पांढरी पडेपर्यंत. श्वास रोखलेला. रडत नाही. कितीतरी दिवस मी "किती शहाण्यासारखी बसली" म्हणून तिचं कौतुक करत होते. ती थिजलेली असायची, हे मला फार उशिरा कळलं. आठवलं की पोटात तुटतं. मग अर्ध्यापाऊण तासाने मोज्याची शिवण टोचली एवढ्यावरून भडका उडतो. मिक्सरच्या आवाजाला कान झाकते, पण स्वतः दारं धाडधाड आपटते, सोफ्यावरून उड्या मारते, भिंतीला खांदा घासत चालते.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात, प्रश्न संवेदनांचा आहे. डोकं मागे गेलं की आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा तिला 'पडतेय' असं सांगते, आणि उड्या मारून, अंग घासून ती स्नायू-सांध्यांना हवा असलेला दाब मिळवते. संवेदनांच्या अशा अडचणींवर काम करणाऱ्या अमेरिकन थेरपिस्ट जीन आयर्स यांच्यापासून चालत आलेली ही मांडणी मला पटते. समुपदेशक बाईंचं म्हणणं वेगळं. मूल आधी कुणाच्या तरी कुशीत शांत होतं, तसं हजारदा झालं की मग स्वतःचं स्वतः शांत व्हायला शिकतं. हिला ती कुशी मिळाली नाही, म्हणून शरीर अजून पहाऱ्यावर आहे. हेही पटतं.

थेरपिस्टांनी रोज ब्रशने हातपाय चोळायला सांगितले होते. बाई म्हणाल्या, तिच्या मर्जीशिवाय स्पर्श नको. ब्रश दिसला की तिचे खांदे कानापर्यंत चढायचे, म्हणून मीच तो बंद केला.

त्यात शाळेला निदानाचं नाव हवंय. मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी २००५ मध्ये विकासात्मक आघात, म्हणजे लहानपणी वाढीच्या काळात पुन्हा पुन्हा बसलेले आघात, हे वेगळं निदान सुचवलं, पण २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, ते आलं नाही. संवेदना-प्रक्रियेचा विकारही त्यात स्वतंत्र निदान म्हणून नाही. मग मी शाळेला लिहून काय देऊ?

मागच्या रविवारी तिने माझ्या हातातला मग काढून घेतला. उभी राहिली, पाय फरशीवर घट्ट, मान खाली, टॉवेलची घडी डोळ्यांवर दाबलेली. स्वतःच पाणी ओतलं, मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. मग म्हणाली, "बास." मी थांबले. केसांत थोडा शाम्पू राहिला, राहू दिला. त्या संध्याकाळी भडका उडाला नाही. पण डोकं मागे गेलं नाही म्हणून जमलं, की पाण्याचा मग तिच्या हातात होता म्हणून? दोन्ही एकदमच बदललं, त्यामुळे कळायला मार्ग नाही. कदाचित ते वेगळं काढायची गरजही नसेल, पण दोन जाणकार दोन दिशांना ओढतात तेव्हा घरी रोज निर्णय मलाच घ्यावा लागतो.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा. तुम्ही आधी काय हाताळलंत? दोघा तज्ज्ञांना एकत्र बसवणं कुणाला जमलंय का? मूल खरंच शांत आहे की थिजलंय, हे बाहेरून कशावरून ओळखता? मी सध्या श्वास आणि बोटं बघते. आणि निदानाच्या नावाशिवाय शाळेकडून आवाजापासून दूर बसायची जागा कुणी मिळवली असेल, तर कशी, तेही सांगा.

"लाडावलीये, वळण लावा" हे ऐकून झालंय, तेवढं नको.

रविवारी पुन्हा केस धुवायचेत. पाण्याचा मग तिच्याच हातात देणार आहे.