शब्दचर्चा : भिकारी, भिक्षेकरी, बेघर, फिरस्ता

जांभा :
रत्नागिरीच्या रामआळीसारख्या पेठेत दुपारी गिऱ्हाइकापुढे हात पसरणारा आणि रात्री दुकानाच्या पायरीवर निजणारा, दोघेही लोकांच्या तोंडी 'भिकारी'च. बातमीचा मथळाही ठरलेला : 'बाजारपेठेत भिकाऱ्यांचा सुळसुळाट'. सुळसुळाट उंदरांचा, झुरळांचा होतो; माणसांना तो लावलेला वाचवत नाही. भिकारी, भिक्षेकरी, बेघर, फिरस्ता, निराधार यांत नेमका फरक काय?

सुरंगी :
'भीक' आणि 'भिक्षा' मुळात एकच. संस्कृत भिक्षा, प्राकृत भिक्खा, मराठी भीक. 'भिक्ष्' हे 'भज्' म्हणजे वाटून घेणे या धातूचे इच्छार्थक रूप मानतात; म्हणजे मूळ अर्थ वाटा मागणे. मराठीत मान भिक्षेकडे गेला आणि हेटाळणी भिकेच्या वाट्याला आली. मुंजीत भिक्षावळ असते, तिला कोणी भीक म्हणत नाही. भिक्षुक म्हणजे तर पूजा सांगणारे भटजी, आणि त्यांना मिळते ती दक्षिणा.

क्रियापदे बघा. भिक्षा वाढतात, दक्षिणा देतात, दान करतात. भीक मात्र घालतात. वाढायला समोर पान लागते, माणूस बसलेला लागतो. घालायला वरून सोडले की झाले.

आपल्याकडे सिंधुदुर्गात शिमग्याला शबय मागतात, रत्नागिरीकडे पोस्त. दारोदार जाऊन पैसेच मागायचे, तेही हक्काने, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. कारण मागणारा गावचा असतो, त्याचे दिवस ठरलेले असतात. पेठेतला माणूस कुठला, कोणाचा हे ठाऊक नसते, म्हणून त्याला 'फुडे जा'.

गडनदी :
'भिक्षेकरी' आज सरकारी कागदावरचा शब्द आहे. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने त्याचा अर्थ फार ताणला आहे. सार्वजनिक जागी भीक मागणे किंवा घेणे त्यात आलेच; गाणे, नाच, भविष्य सांगणे किंवा काही विकायला पुढे करणे या निमित्ताने मागितले तरी ती भीकच. शिवाय ज्याच्या पोटापाण्याचे साधन दिसत नाही आणि जो मागूनच जगत असावा अशा अवस्थेत रस्त्यावर वावरतो, तोही त्यात येतो. हात पसरलाच पाहिजे असे नाही! पहिल्यांदा दोषी ठरला तरी १ ते ३ वर्षे भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच कायद्याची भिकेला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली.

जांभा :
म्हणजे बेघर आणि भिकारी यांची गल्लत कायद्यातच आहे. मग 'बेघर' कोणाला म्हणायचे?

गडनदी :
जनगणनेची व्याख्या स्वच्छ आहे : उघड्यावर, पदपथावर, ह्यूम पाइपात (सिमेंटच्या मोठ्या नळात), पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, देवळाच्या आवारात राहणारे. २०११ मध्ये देशात असे १७.७ लाख मोजले. व्याख्येत मागण्याचा उल्लेखच नाही. यांत हमाल असतात, भंगार वेचणारे असतात, बांधकामावरचे मजूर असतात. शहरातल्या बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्याचे माप लाख वस्तीमागे एक, माणशी ५० चौरस फूट. २०११ ला रत्नागिरी शहर ७६ हजारांच्या आसपास आणि चिपळूण ५५ हजारांच्या. लाखाच्या मापात आपल्या पेठा बसत नाहीत, आणि मग पायरी उरते.

खाडीकाठ :
'निराधार' यात मिसळू नका. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतला निराधार बेघर असेलच असे नाही. उलट बेघराचा अर्जच अडतो, कारण महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा रहिवासी दाखला मागतात आणि त्याच्याकडे नेमका पत्ताच नसतो.

'फिरस्ता' मला सर्वांत निर्दोष वाटतो. फिरणारा, एवढेच, ठपका नाही. पण 'मनोरुग्ण' हा शब्द वापरताना जपावे. वाढलेले केस आणि मळके कपडे पाहून तो चिकटवतात. खरोखर मानसिक आजाराने भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा कोणी दिसला, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे असते. कोठडीत ठेवायचे नाही, आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे. म्हणून पोलिसांना कळवताना 'वेडा भिकारी' म्हणू नये. काय दिसते ते सांगावे : जखम आहे, नाव सांगता येत नाही, दोन दिवस एकाच जागी आहे. 'भिकारी' म्हटले की विषय हाकलण्याकडे जातो.

जांभा :
मग मथळा?

सुरंगी :
जे पाहिले तेच लिहावे. 'पेठेत भीक मागणाऱ्यांबाबत दुकानदारांची तक्रार' किंवा 'पायऱ्यांवर झोपणाऱ्यांसाठी निवारा नाही'. पहिली कृती, दुसरी स्थिती. आणि एक : 'बेघरे' असे अनेकवचन हल्ली दिसते, ते कानाला बरे लागत नाही. बेघर हे विशेषण. 'बेघर माणसे' लिहावे, विभक्ती लागली की 'बेघरांना', 'बेघरांचा'.