घरच्या लिनक्स सर्व्हरचा बॅकअप: एसएसडी गेली तर सगळं परत उभं कसं करायचं?

प्रश्न

मॉनिटर-कीबोर्ड न जोडलेला छोटा पीसी, डेबियन १२ (लिनक्स), यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) बूट. २५६ जीबी एसएसडीवर रूट (एक्स्ट४), ४ टीबी हार्ड डिस्क /एसआरव्हीवर माउंट केलेली. तिच्यात फोटो आणि नेक्स्टक्लाउडच्या फायली मिळून साधारण १.४ टीबी. डॉकर कंपोजवर (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यांत, चालवणारं साधन) नेक्स्टक्लाउड (स्वतःचा क्लाउड, डेटाबेस पोस्टग्रेस), जेलीफिन (मीडिया सर्व्हर) आणि होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं). डॉकरचे व्हॉल्यूम (कंटेनरचा कायमचा डेटा) एसएसडीवरच, /व्हार/लिब/डॉकरखाली.

सध्या रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) आरसिंक (फायली कॉपी करणारा प्रोग्रॅम) चालतो. 'ए' आणि 'डिलीट' हे दोन पर्याय देऊन रूट आणि /एसआरव्ही दोन्ही एका ४ टीबीच्या यूएसबी डिस्कवर उतरतात.

१. एवढं पुरेसं आहे का?
२. चालू पोस्टग्रेसची अशी कॉपी भरवशाची असते का?
३. एसएसडी गेली तर नवी टाकून त्यावर हे सगळं परत ओतलं, की मशीन बूट होईल का?
४. एक प्रत घराबाहेर ठेवायची आहे. अपलोड ४० एमबीपीएस आहे. जमेल का?

उत्तर १

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत मोठं भगदाड तिथेच आहे.

चालू पोस्टग्रेसची डिरेक्टरी आरसिंकने उचलली तर मिळणारी प्रत एका क्षणाची नसते. एक फाइल दोन वाजता वाचली जाते, दुसरी दोन वाजून चार मिनिटांनी, आणि तेवढ्या वेळात टेबल, इंडेक्स, वॅल (बदलांची नोंदवही) सगळं पुढे सरकलेलं असतं. अशी प्रत कधी उघडते, कधी उघडत नाही. उघडली आणि इंडेक्स आतून बिघडलेला निघाला तर ते आणखी वाईट, कारण तो बिघाड काही महिन्यांनी कळतो. त्यामुळे बॅकअपच्या आधी पीजी-डंपऑल (सगळा डेटाबेस फाइलमध्ये उतरवणारी आज्ञा) चालवून डंप एका ठरलेल्या डिरेक्टरीत काढा आणि बॅकअप त्या डंपचा घ्या.

इथे दोन खाचखळगे आहेत. कंपोजच्या 'एक्झेक'ला (कंटेनरच्या आत आज्ञा चालवणाऱ्या) कॅपिटल 'टी' हा पर्याय द्या, म्हणजे नकली टर्मिनल जोडला जात नाही. तो जोडला गेला तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न घुसतो आणि बायनरी डंप सरळ बाद होतो. दुसरं, डंप पाइपने जीझिपला (फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रॅमला) देत असाल तर स्क्रिप्टच्या वरच 'पाइपफेल' चालू करा. नाहीतर डंप मध्येच फसला तरी शेलला फक्त जीझिपचा एक्झिट कोड दिसतो, आणि तो शून्यच असतो. डिरेक्टरीत २० बाइटची जीझेड फाइल दिसली तर ती रिकामी आहे असं समजा. रिकाम्या इनपुटला जीझिप केलं की बरोबर २० बाइट होतात.

होम असिस्टंट (डीफॉल्ट मांडणीत) आणि जेलीफिन एसक्यूलाइट वापरतात. त्यांच्या डीबी फाइलशेजारी 'वॅल' शेपटाची फाइल असते, आणि ताज्या नोंदी बऱ्याचदा तिच्यातच असतात. एकटी डीबी फाइल उचलू नका. एसक्यूलाइटच्या शेलमध्ये 'डॉट बॅकअप' ही आज्ञा आहे, ती चालू डेटाबेसचीही सुसंगत प्रत काढते.

आता आरसिंक. 'ए'मध्ये हार्डलिंक (एकाच फाइलची दोन नावं), एसीएल (जास्तीच्या परवानग्या) आणि एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट येत नाहीत. त्यासाठी कॅपिटल एच, कॅपिटल ए, कॅपिटल एक्स वेगळे द्यावे लागतात, शिवाय 'न्युमेरिक-आयडीज'. हा शेवटचा पर्याय लाइव्ह यूएसबीवरून रिस्टोअर करताना फार महत्त्वाचा, कारण तिथे त्याच नावाच्या युजरचा नंबर वेगळा असू शकतो आणि आरसिंक नावावरून मालकी जुळवायला जातो.

पण खरी अडचण 'डिलीट'ची आहे. तुमच्याकडे एकच प्रत आहे, तीही कालची. आज चुकून उडालेला फोल्डर आज रात्री बॅकअपमधूनही उडणार. त्याहून भयंकर म्हणजे, बूट होताना /एसआरव्हीची डिस्क माउंट झाली नाही तर आरसिंकला तिथे रिकामी डिरेक्टरी दिसते आणि तो इमानेइतबारे १.४ टीबीचा बॅकअप पुसतो. उलट बाजूने यूएसबी डिस्क माउंट नसेल तर सगळं एसएसडीवरच उतरायला लागतं आणि रूट भरून सेवा बंद पडतात.

यावर उपाय:

– स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन्ही जागांवर 'माउंटपॉइंट' तपासा. नसेल तर तिथेच थांबा.
– क्रॉनऐवजी सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) टायमर घ्या. सर्व्हिसमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' (डिस्क माउंट नसेल तर काम सुरूच न करणारा पर्याय) लिहा, टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू ठेवा, म्हणजे मशीन बंद असताना हुकलेली पाळी सुरू होताच भरून निघते.
– डिस्क काढलेली असताना रिकाम्या माउंट डिरेक्टरीला 'सीएचअ‍ॅटर'ने इम्युटेबल (न बदलता येणारी) करा. मग माउंटशिवाय तिथे रूटलाही लिहिता येत नाही. इतका साधा उपाय फार थोडे लोक वापरतात.

आणि आरसिंकऐवजी रेस्टिक किंवा बोर्ग हे बॅकअपचे प्रोग्रॅम घ्या. दोन्हींत एन्क्रिप्शन, डीडुप्लिकेशन (तोच डेटा एकदाच साठवणं) आणि तारखेवार स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या प्रती) मिळतात. रेस्टिकमध्ये २०२२च्या ०.१४ आवृत्तीपासून कॉम्प्रेशनही आहे, त्यामुळे डंप जीझिप न करता तसाच द्या. जीझिपमध्ये सुरुवातीची एक नोंद बदलली की पुढची सगळी फाइल वेगळी दिसते आणि डीडुप्लिकेशन वाया जातं. ठेवणीचा हिशोब ७ दिवस, ५ आठवडे, १२ महिने असा ठेवलात तरी फोटोंसारख्या न बदलणाऱ्या डेटाला जागा जेमतेम वाढते.

वगळायच्या जागा: /प्रॉक, /सिस, /डेव्ह, /रन, /टेम्प, स्वॅप फाइल, /व्हार/कॅश आणि /व्हार/लिब/डॉकर/ओव्हरले२. डॉकरच्या इमेज (ज्यांतून कंटेनर बनतात ते साचे) पुन्हा डाउनलोड होतात. 'वन-फाइल-सिस्टम' पर्याय दिलात तर /एसआरव्ही वेगळी सांगावी लागेल, कारण ती दुसरी फाइलसिस्टम आहे.

रेस्टिकचा पासवर्ड सर्व्हरवरच्या फाइलमध्ये (परवानगी ६००) असतो, पण तो कागदावर किंवा दुसऱ्या यंत्रावरच्या पासवर्ड मॅनेजरमध्येही हवाच. पासवर्ड विसरल्यावर रेपॉझिटरी (बॅकअपचा साठा) उघडायची दुसरी कुठलीही वाट नाही.

उत्तर २

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. नुसत्या फायली परत ओतून मशीन बूट होणार नाही. बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम), ईएफआय पार्टिशन (तो जिथे राहतो) आणि यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) हे तिन्ही नव्या डिस्कवर पुन्हा बसवावे लागतात.

आता मत. तुमच्या मांडणीत जवळजवळ सगळं कंटेनरमध्ये आहे, त्यामुळे मी पूर्ण रूट रिस्टोअर करण्याच्या भानगडीत पडणार नाही. ताजं डेबियन टाका, डॉकर बसवा, कंपोजच्या फायली आणि डेटा परत आणा. त्यासाठी बॅकअपमध्ये हे हवं: कंपोज फायली आणि त्यांच्या शेजारच्या डॉट-एन्व्ह फायली (सेटिंग, पासवर्ड), /एटीसी, /रूट, /यूएसआर/लोकल, /व्हार/स्पूल/क्रॉन, आणि 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल'चं आउटपुट. ते आउटपुट म्हणजे तुम्ही स्वतः मागितलेल्या पॅकेजची यादी, डिपेन्डन्सी वगळून. सोबत 'एलएसबीएलके -एफ'चंही (पार्टिशन आणि त्यांचे यूयूआयडी यांची यादी) आउटपुट ठेवा.

मात्र जुनी /एटीसी नव्या इन्स्टॉलवर सरसकट ओतू नका. सिस्टम युजरचे नंबर इन्स्टॉलच्या क्रमाने पडतात, त्यामुळे जुनी पासवड फाइल आली की नव्या फायलींची मालकी भलत्याच युजरकडे जाते. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) जुने यूयूआयडी असतात. /एटीसी बाजूला उतरवा आणि लागेल ते वेचून घ्या. एसएसएचच्या होस्ट की मात्र आठवणीने आणा, म्हणजे बाकीच्या मशीनवर ओळख बदलल्याची तक्रार येणार नाही.

कंटेनर उठवण्याचा क्रम चुकला की गोंधळ होतो. आधी फक्त पोस्टग्रेस सुरू करा, डंप भरा, मग नेक्स्टक्लाउड. नेक्स्टक्लाउड आधी उठलं तर ते रिकाम्या डेटाबेसमध्ये स्वतःची टेबलं उभी करू शकतं आणि डंप भरताना 'आधीच आहे' अशा चुकांची रांग लागते.

इमेजचा टॅग 'लेटेस्ट' ठेवू नका. मुख्य आवृत्ती बदलली की जुनी डेटा डिरेक्टरी पोस्टग्रेस उघडत नाही. १५ची डिरेक्टरी १६ला चालत नाही, डंप मात्र चालतो. इमेजची जातही बदलू नका: डेबियनवरच्या पोस्टग्रेस इमेजमध्ये युजर ९९९ असतो, अल्पाइनवरच्या ७०. डिरेक्टरी जशीच्या तशी आणून इमेज बदललीत तर परवानगीवरच अडाल.

तरीही रूटच परत हवं असेल तर वाट अशी:

१. लाइव्ह यूएसबी यूईएफआय मोडमध्येच बूट करा. /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, ग्रब (बूटलोडर) चुकीच्या पद्धतीने बसेल.
२. जीपीटी टेबल, ५१२ एमबीचं फॅट३२ ईएफआय पार्टिशन, बाकी एक्स्ट४. एक्स्ट४ बनवताना कॅपिटल 'यू' पर्यायाने जुना यूयूआयडीच दिलात तर एफएसटॅबमधली ती ओळ बदलावी लागत नाही. त्यासाठीच वर एलएसबीएलकेचं आउटपुट ठेवायला सांगितलं. जुनी एसएसडी त्या वेळी जोडलेली नको, एकच यूयूआयडी दोघांना असेल तर कोणतीही एक माउंट होते.
३. /एमएनटीवर रिस्टोअर. रेस्टिकमधला 'लेटेस्ट' म्हणजे शेवटचा कुठलाही स्नॅपशॉट. रूट आणि /एसआरव्हीचे स्नॅपशॉट वेगवेगळे घेत असाल तर 'पाथ' पर्याय देऊन नेमका रूटचाच निवडा.
४. वगळलेल्या डिरेक्टरी हाताने बनवा: प्रॉक, सिस, डेव्ह, रन, टेम्प. टेम्पची परवानगी १७७७. ती ७५५ राहिली तर एपीटीपासून डेटाबेसपर्यंत बरंच काही विचित्र चुका देतं आणि कारण लवकर सापडत नाही.
५. ईएफआय पार्टिशन /बूट/ईएफआयवर माउंट करा. डेव्ह, प्रॉक, सिस, रन बाइंड करा, सीएचरूटमध्ये (रिस्टोअर केलेल्या सिस्टमच्या आत) शिरा. एफएसटॅबमधला ईएफआयचा यूयूआयडी बदला, मग 'अपडेट-इनिटरॅमएफएस', 'ग्रब-इन्स्टॉल', 'अपडेट-ग्रब' याच क्रमाने.

हार्डवेअर बदललं असेल तर नेटवर्क इंटरफेसचं नाव बदलतं. काल ईएनपी३एस० होतं ते आज ईएनओ१ होईल, आणि जुन्या नावावर लिहिलेला आयपी लागणारच नाही. पहिल्या बूटला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडूनच ठेवा. /एसआरव्हीच्या ओळीत 'नोफेल' टाका. नाहीतर ती डिस्क न सापडल्यास सिस्टमडी दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातो आणि एसएसएच सुरूच होत नाही.

प्रश्नकर्ता

कळलं, ताज्या इन्स्टॉलचाच मार्ग घेतो. दोन शंका: नेक्स्टक्लाउडच्या फायली एसआरव्हीवर आणि डेटाबेस एसएसडीवर, मग दोघांचा मेळ कसा राखायचा? आणि घराबाहेरच्या प्रतीचं काय?

उत्तर ३

मेळासाठी नेक्स्टक्लाउड आधी मेन्टेनन्स मोडमध्ये (वापर तात्पुरता बंद) टाका. मग डंप, मग फायलींचा स्नॅपशॉट, मग मोड बंद. पहिला बॅकअप लांबलचक चालेल, म्हणून तो मोड न लावता एकदा होऊ द्या. नंतर रोज फक्त बदललेल्या फायली वाचल्या जातात आणि मोड थोडाच वेळ लागतो. स्क्रिप्ट मध्येच मोडली तर सेवा बंद राहू नये म्हणून मोड उघडण्याची आज्ञा बॅशच्या 'ट्रॅप'मध्ये (स्क्रिप्ट कशीही संपली तरी चालणाऱ्या भागात) ठेवा.

नेक्स्टक्लाउडची कॉन्फिग पीएचपी फाइल विसरू नका. तिच्यात इन्स्टन्स आयडी, सीक्रेट आणि पासवर्ड सॉल्ट असतात, नव्याने बनवलेली फाइल तिची जागा घेऊ शकत नाही. आणि रिस्टोअर झाल्यावर, एकही फोन किंवा लॅपटॉप जोडण्याआधी, 'ओसीसी'ची (नेक्स्टक्लाउडचं कमांड-लाइन साधन) 'मेन्टेनन्स:डेटा-फिंगरप्रिंट' ही आज्ञा चालवा. ती चालवली नाही तर क्लायंटला वाटतं की सर्व्हरवरून फायली मुद्दाम काढल्या आहेत, आणि बॅकअपनंतर तयार झालेल्या फायली तो तुमच्या लॅपटॉपवरूनही काढून टाकतो. रिस्टोअरमध्ये सगळं नीट झाल्यावर होणारं हे नुकसान आहे, म्हणून ही आज्ञा रिस्टोअरच्या टिपणात ठळक लिहा.

घराबाहेरची प्रत: ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. १.४ टीबीला सव्वातीन दिवस लागतील, तेही लाइन पूर्ण व्यापून. त्यापेक्षा दुसऱ्या डिस्कवर रेपॉझिटरी घरीच भरा आणि डिस्क घराबाहेरच्या जागी नेऊन जोडा, पुढे रोजचा फरकच जाईल. 'लिमिट-अपलोड' केआयबी प्रति सेकंदात असतं, ३००० दिलंत तर घरातला बाकी वापर अडणार नाही.

तिकडच्या बाजूला रेस्टिकचा रेस्ट-सर्व्हर 'अपेंड-ओन्ली' (फक्त भर घालता येणाऱ्या) मोडमध्ये चालवा. तुमचा सर्व्हर कुणाच्या हाती लागला तरी त्याला जुने स्नॅपशॉट पुसता येत नाहीत. मग 'फरगेट' (जुने स्नॅपशॉट काढणं) आणि 'प्रून' (त्यांची जागा मोकळी करणं) तिकडच्याच मशीनवरून चालवायचे. तिथे 'शेवटचे ७' अशी मोजणी वापरू नका. हल्लेखोर खोटे स्नॅपशॉट भरून खरे त्या मोजणीबाहेर ढकलू शकतो. 'कीप-विदिन' घराण्यातले, ताज्या स्नॅपशॉटपासून मागे काळ मोजणारे पर्याय घ्या, आणि भविष्यातली तारीख असलेला स्नॅपशॉट दिसला तर प्रून थांबवा.

तपासणीसाठी नुसतं 'रेस्टिक चेक' फक्त रचना बघतं, डेटा वाचत नाही. 'रीड-डेटा-सबसेट'ला दर महिन्याला १/१२, २/१२ असं देत गेलात तर वर्षभरात सगळी रेपॉझिटरी एकदा वाचून होते. एका पाळीला साधारण १२० जीबी, म्हणजे यूएसबी ३च्या हार्ड डिस्कवर २०-२५ मिनिटं.

बॅकअप स्क्रिप्टमध्ये रेस्टिकचा एक्झिट कोड बघा. ३ आला तर स्नॅपशॉट झालाय, पण काही फायली वाचता आल्या नाहीत. तो यश म्हणून सोडू नका.

उत्तर १

वरच्यात एक भर. रेस्टिक ही एकच स्वतंत्र फाइल असते, लायब्ररी लागत नाहीत. ती बॅकअप डिस्कवरच, रेपॉझिटरीच्या बाहेर, ठेवा. लाइव्ह यूएसबीवर इंटरनेट मिळालं नाही तरी काम अडत नाही.

आणि दर दोन-तीन महिन्यांनी डंप दुसऱ्या पोर्टवरच्या रिकाम्या पोस्टग्रेस कंटेनरमध्ये भरून बघा. 'ओसी_फाइलकॅश' (नेक्स्टक्लाउडच्या फायलींची नोंद) टेबलातल्या ओळी मोजा आणि चालू डेटाबेसशी ताडा, दिवसाभराच्या फरकाइतकंच अंतर हवं. त्याच वेळी पाच-दहा जुने फोटो तात्पुरत्या डिरेक्टरीत रिस्टोअर करून मूळ फायलींशी 'एसएचए२५६सम' (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) जुळवा. हे सगळं करताना लागलेला वेळ आणि दिलेल्या आज्ञा त्याच टिपणात लिहा, आणि ते टिपण सर्व्हरवर ठेवू नका.