फ्रीझरमधलं हरीण आणि आगोटीचा डबा

वेसावची

काल डोंगरयार यांनी इथे धागा काढून लिहिलं की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांचे विस्कॉन्सिनचे भाऊ एकदम मजेत होते. नोव्हेंबरात मारलेल्या दोन हरणांचं मांस फ्रीझरमध्ये, तळघरात बंदुकीची साफसफाई, अंगणात धनुष्यबाणाचा सराव, पोरं हसतीखेळती. त्याच दिवसांत मुंबईकर मात्र दुधाच्या पिशवीसाठी रांगेत हवालदिल. यावरून त्यांनी ठरवून टाकलं की शिकारी माणूस कुणावर अवलंबून नसतो, ती विद्या आपण कायद्याने घालवली आणि लाचार झालो.

रात्री वाचलं आणि डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या भावाचं सुख मला खुपत नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत मांसाचे मोठमोठे कारखाने साथीमुळे बंद पडले होते. अशा वेळी घरात महिनोन् महिने पुरेल एवढं मांस असणं ही मोठीच गोष्ट. पण हे सुख बंदुकीने दिलं का? ते दिलं तळघराने, अंगणाने आणि न जाणाऱ्या विजेने. माझं माहेर वरळीचं. दहा बाय बाराची खोली, संडास गल्लीच्या टोकाला, सामायिक. मार्चच्या अखेरीला कोळीवाडा सील झाला तेव्हा आत आई, दोन भाऊ, वहिनी आणि दोन पोरं. तिथे फ्रीझर ठेवणार कुठे?

तरी ती माणसं उपाशी राहिली नाहीत. आईकडे आगोटीचा डबा होता. पावसाळ्याची बेगमी ती डिसेंबरपासूनच भरायला घेते. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, आत वर्तमानपत्राची दुहेरी घडी, तळाला जवळा, वर सोडे, कडेने बोंबील उभे. जवळा ती सुपात पाखडते आणि मग मांडीवर सूप घेऊन बोटाने एकेक खडा, शिंपल्याचा तुकडा, नखाएवढी वाळकी चिंबोरी वेचून काढते. एका सुपाला दुपार जाते. त्या डब्यावर सहा माणसांनी एप्रिल काढला. बोटीवरचे परप्रांतीय खलाशी गल्लीत अडकले होते, त्यांच्या हंडीतही त्यातलाच मूठभर जवळा पडायचा.

आता खरं दुखणं. आम्हीही शिकारीच आहोत की, समुद्रातले. माझ्या नवऱ्याची बोट वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, खाडीत बांधून पडली होती. १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला सूट दिली, पण बर्फ मिळेना, बाजार बंद, माल विकायचा कुणाला? बँकेचा हप्ता डोक्यावर. तो माणूस रोज सकाळी उठून खाडीकाठी जाऊन नुसता बोटीकडे बघून यायचा. ज्याची शिकार हौसेची, तो घरात बसून आनंदी राहतो. ज्याचं पोटच तिच्यावर, त्याला तो आनंद कुठला! तुमच्या पोस्टमध्ये हा फरक कुठेच नाही, म्हणून राग आला.

डोंगरयार

ताई, राग मान्य, पण माझ्या तोंडी नसलेलं घालू नका. सरसकट शिकार सुरू करा असं मी म्हटलंच नव्हतं. माझा मुद्दा वृत्तीचा आहे. भाऊ रविवारी हरणाच्या तंगडीची हाडं तासभर उकळत ठेवायचा, मुलांना सुरी कशी धरायची ते शिकवायचा. आम्ही कांदिवलीत सहा महिने मोबाईलवर डोळे लावून. तिकडे ही विद्या सरकारच जपतं. बंदुका आणि काडतुसांवर कर आहे, बहुतेक मालावर ११ टक्के, आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा मुख्यतः वन्यजीवांवर खर्च होतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ससा मारला तरी गुन्हा. जंगलाशी नातं उरलं ते फोटोपुरतं.

पाणथळ

डोंगरयार, त्या कायद्यामुळेच बोरिवलीच्या १०४ चौरस किलोमीटरच्या उद्यानात आज बिबटे आहेत. नाहीतर कधीच संपले असते. आणि लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे जी शिकार झाली तिच्याबद्दलही बोला. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने भारतातल्या बातम्या मोजल्या. लॉकडाऊनआधीच्या सहा आठवड्यांत शिकारीच्या ३५ घटना, लॉकडाऊनच्या सहा आठवड्यांत ८८. सर्वात जास्त वाढ मांसासाठी मारलेल्या हरणवर्गीय प्राण्यांत. तुम्ही ज्याला स्वावलंबन म्हणता त्याचा इथला चेहरा हा. मी नवी मुंबईच्या पाणथळीवर पक्षी मोजतो. त्या एप्रिलात खाडी फ्लेमिंगोंनी गुलाबी झाली होती आणि लोक म्हणत होते निसर्ग सुखावला. रानात त्याच वेळी फासे लागत होते.

सायनचा_सावंत

पाणथळ, आकडे बरोबर असतील, पण तो फासे लावणारा कोण होता हेही बघा. काम गेलेला, रेशन न पोचलेला माणूस होता तो. हौशी नव्हता. म्हणजे वेसावची म्हणतात तोच फरक, फक्त रानातला.

माझं घर सावंतवाडीकडचं. वडिलांकडे शेती संरक्षणाची बंदूक आहे, परवान्याची. डुकरांनी भात किती खाल्लं ते मुंबईत बसून कळायचं नाही. आजोबा शिमग्याच्या पारधीच्या गोष्टी सांगायचे. हाका देणाऱ्याला वाटा, कुत्रेवाल्याला वाटा, आणि ज्या घरात जायला पुरुषच नाही त्या घरालाही वाटा. एकट्याच्या फ्रीझरमध्ये काही जात नसे. स्वावलंबी होता तो गाव, एकटा माणूस नव्हे.

आणि तोच गाव २०२० मध्ये कसा वागला तेही ऐका. मी पास काढून मे महिन्यात गेलो तर वेशीवर जांभ्याचे चिरे आणि झाडाच्या फांद्या टाकून रस्ता अडवलेला. माझ्याच चुलत्याने लांबूनच सांगितलं, चाकरमान्यांनी शाळेत रहायचं. चौदा दिवस ज्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो तिच्या फरशीवर झोपलो. गणपतीला आम्ही पैसे पाठवायचे, देवळाच्या छपराला पाठवायचे, आणि साथ आली की आम्हीच रोग. ते अजून गेलेलं नाही मनातून.

पाणथळ

सावंत, तुमचा त्रास कळतो, पण गावात दवाखाना नव्हता, म्हातारी माणसं होती. त्यांनी घाबरायचं नाही तर काय करायचं? मूळ विषय शिकारीचा चाललाय.

सायनचा_सावंत

विषय घरात आनंदाने राहण्याचा आहे. मला घरातच घेतलं नव्हतं.

तिसरा_मजला

सगळे स्वावलंबनावर बोलताय म्हणून माझंही ऐका. आगोटीचा डबा वाचून पोटात कालवलं. माझी सासू पासष्टची. मे २०२० मध्ये मालाडच्या आमच्या गच्चीवर दोन किलो सोडे वाळत घातले. बाजार बंद, म्हणून ओळखीच्या मासेवालीकडून कोलंबी घेऊन घरी सोललेली. दुपारी सेक्रेटरीने वॉचमनला पाठवून चादरीसकट सगळं खाली आणवलं आणि जिन्यात ठेवलं. वर संध्याकाळी ग्रुपवर नोटीस, "साथीच्या काळात अस्वच्छता". साबुदाण्याच्या पापड्या तिथेच वाळत होत्या, त्या चालल्या. सासूने ते सोडे जिन्यातून उचलले आणि एक शब्द न बोलता घरात पंख्याखाली पसरले. ओलाव्याने दोन दिवसांत खराब झाले. तुम्ही हरणाचं सांगता, इथे कोलंबी वाळवायची सोय नाही.

नीरफणस

मी शाकाहारी, त्याच प्रकारच्या सोसायटीतला, म्हणून बोलणं भाग आहे. तुमच्या सासूबाईंचा माल खाली आणला ते चूकच. पण दुसरी बाजू माहीत आहे का? माझी बहीण तेव्हा सातव्या महिन्यात होती. खिडक्या उघड्या ठेवा म्हणून डॉक्टरांचा सल्ला, आणि वरून चोवीस तास सुक्या मासळीचा वास. बाहेर पडायची बंदी. तिला पाणीही ठरत नव्हतं. आम्ही कोणाकडे जायचं?

तिसरा_मजला

वरच्या माणसाचं दार वाजवायचं. नोटीस लावायची नाही. आणि "त्याच प्रकारच्या सोसायटीतला" म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. २०१४ मध्ये आम्ही घर बघत फिरलो तेव्हा दलाल पहिलाच प्रश्न विचारायचा, मासे खाता का? मुंबईत! ज्यांच्या गावठाणांवर आणि खाजणांवर हे टॉवर उभे राहिले, त्यांनाच विचारायचं मासे खाता का?

नीरफणस

दलालाचं पाप माझ्या बहिणीच्या माथी मारू नका.

वेसावची

नीरफणस, तुमच्या बहिणीला त्रास झाला असेल, नाही म्हणत नाही. बोंबलाचा वास आम्हालाही येतोच, आम्ही त्यातच वाढलो एवढंच. वेसाव्याच्या किनाऱ्यावर वलांड्यांना, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवांना, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बोंबील टांगतात, तिथे वारा वास घेऊन जातो. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली वाळवले तर तो कोंडणारच. सकाळी दहा ते दोन, जाळीखाली, मोकळ्या उन्हात, असं ठरवता आलं असतं. पण ठरवायला आधी बोलावं लागतं. दोन किलो सोडे म्हणजे त्या घराचा जून-जुलै होता.

नीरफणस

वेळ ठरवून दिली असती तर मी हरकत घेतली नसती. एवढं मान्य. वास आवडेल असं मात्र म्हणणार नाही.

डोंगरयार

माझ्या धाग्याची सोसायटीची मीटिंग झाली. मुद्द्यावर येऊ का? कालच भावाला फोन केला. त्याने सांगितलं की २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्याने मार्चअखेरीला मासेमारी आणि शिकार दोन्ही बंद केली होती, मे उजाडेपर्यंत. म्हणजे तिथलाही शिकारी सरकारच्या परवानगीवरच होता. हे मला माहीत नव्हतं. त्याने हेही सांगितलं की त्याचा पगार घरबसल्या चालू होता. पोस्टमध्ये मी ते लिहायला हवं होतं. ठीक आहे, बंदुकीचं मागे घेतो. पण साठवण शिकावी हे अजूनही म्हणतो, आणि फ्रीझर हे आजचं साधन आहे. सुकट सुकट करून भागणार नाही.

वेसावची

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. माझी नणंद श्रीवर्धनला आहे. तिच्याकडे डीप फ्रीझर होता, धंद्याचा, सुरमई-पापलेटाने भरलेला. वादळात खांब पडले आणि कितीतरी दिवस वीज आली नाही. चौथ्या दिवशी तिने सगळा माल खड्ड्यात पुरला. घराचे कौल उडाले, सुकटही भिजलं म्हणा. पण माळ्यावरचा एक डबा घट्ट झाकणाचा होता. तो कोरडा निघाला. आधी शेजारच्या तीन घरांत गेला, मग तिच्या चुलीवर आला.

डोंगरयार

हे वाचून काही बोलवत नाही. सोडे साठवायचे कसे ते सांगाल का? विचारतोय खरंच.

वेसावची

कडक उन्हात तीन दिवस, रात्री घरात. दाबल्यावर काडीसारखा मोडला तरच डब्यात. आत ओला हात घालायचा नाही. महिन्याने पुन्हा एकदा ऊन दाखवायचं.

तिसरा_मजला

ऊन दाखवायला गच्ची लागते. आमच्या गच्चीची किल्ली अजून सेक्रेटरीकडेच आहे.